अडतीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठली मागणी घ्यावी, कुठली सोडावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या तीस-पस्तीस अडत दुकानांत दोघा मित्रांनी बनवलेलं पट्टीचं, म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या कागदाचं, सॉफ्टवेअर चालतं. सुरुवातीला सगळं काम एका स्क्रीनवर व्हायचं. आता रोज फोन येतात. एकाला शेतकऱ्याची पट्टी व्हॉट्सअॅपवर पाठवायची आहे, दुसऱ्याला शेतकऱ्यागणिक हमालीचा दर वेगळा हवा आहे, तिसऱ्याला पट्टीची रक्कम कधी वर तर कधी खाली पूर्ण रुपयात आणायची आहे. एका मालकाला मोबाइलवर आलेख बघायचेत. बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याला कोल्ड स्टोरेजचं भाडंही यातच हवं आहे. भागीदार म्हणतो, गिऱ्हाईक मागतंय तर द्यायचं, नाहीतर ते दुसऱ्याकडे जाणार. विचारणाऱ्याची तक्रार अशी की सेटिंगच्या पानावर आता सत्तरएक टिकमार्क झालेत, नव्या दुकानात बसवायला दोन दिवस लागतात आणि एक गोष्ट दुरुस्त केली की दुसरी बिघडते. मग थांबायचं कुठे?

मी याच भागात दुकानांची, दूध संस्थांची आणि पतसंस्थांची सॉफ्टवेअर बरीच वर्षं करतो आहे. उत्तराची सुरुवात भागीदाराच्या बाजूने करतो, कारण तुमच्या प्रश्नात त्याला जरा जास्तच झोडपलंय. ‘आम्हाला साधं ठेवायचंय’ असं म्हणून येईल त्या मागणीला नाही म्हणत सुटणं, यात बऱ्याचदा आळस असतो. साधेपणा कुणासाठी, हे विचारलं की तो आळस उघडा पडतो. स्क्रीन स्वच्छ आहे, पण दिवाणजीला, म्हणजे दुकानात हिशोब लिहिणाऱ्या कारकुनाला, तीन आकडे कॅल्क्युलेटरवर काढून मग टाइप करावे लागतात. हा साधेपणा तुमच्या सोयीचा आहे, त्याच्या नाही.

फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९८६ साली एका निबंधात सॉफ्टवेअरच्या गुंतागुंतीचे दोन भाग केले होते. एक कामाच्या अंगचीच गुंतागुंत, दुसरी आपल्या हत्यारांनी आणि पद्धतींनी वाढवलेली. आयबीएमच्या सिस्टिम ३६० या यंत्रांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली होती, तेव्हा माणूस पोळून निघालेला होता. अडतीच्या धंद्यात ही विभागणी लख्ख दिसते. एका शेतकऱ्याची हळद येते. हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी. सौद्यात तीन लॉट तीन खरेदीदारांना तीन दरांनी जातात. शेतकऱ्याला पट्टी मात्र एकच, आणि तीत हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधीची उचल वजा होऊन निव्वळ रक्कम खाली आली पाहिजे. खरेदीदारांच्या बाजूला तीन वेगळी बिलं. हे तुम्ही कितीही हुशारीने डिझाइन केलंत तरी कमी होणार नाही, कारण तो धंदाच तसा आहे. सॉफ्टवेअरने हे ओझं उचललं नाही तर ते नाहीसं होत नाही, दिवाणजीच्या वहीत जाऊन बसतं.

आणि मला खरं सांगायचंय ते या वहीबद्दलच.

मागण्यांची यादी फोनवरून बनवू नका. हळदीच्या हंगामात, फेब्रुवारी-मार्चला, सौदे जोरात असताना तुमच्या एखाद्या दुकानात दिवाणजीच्या मागे खुर्ची टाकून दिवसभर गप्प बसा. बोलू नका, शिकवू नका. कॉम्प्युटरशेजारी जी वही, डायरी, पॅडवरचा कागद, कॅलेंडरच्या पाठची जागा आहे, तिथे तो काय लिहितो एवढंच बघा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये जे खरोखर कमी आहे ते सगळं तिथे लिहिलेलं असतं. त्यातलं बरंचसं तुम्हाला कुणी कधी फोनवर मागितलेलं नसतं, कारण दिवाणजीला वाटतं, हे वहीतच लिहायचं असतं.

उचलीचं उदाहरण घ्या. शेतकरी माल उतरवतो, मालक खिशातून पाच हजार काढून देतो, ‘पट्टीत धरू’ म्हणतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये उचल दाखवायची तर आधी रोखीचं व्हाउचर करा, खातं निवडा, मग पट्टीत जोडा. गर्दीच्या वेळी एवढं कोण करतो? दिवाणजी वहीत नाव आणि आकडा लिहितो आणि पट्टी करताना वही उघडून बघतो. एखादी उचल राहून जाते आणि चार महिन्यांनी त्यावरून वाद होतो. आता हीच अडचण मालकाने तुम्हाला फोनवर कशी सांगितली असेल? ‘उचलीचं एक वेगळं मॉड्यूल द्या, रिपोर्टसकट.’ तुम्ही मॉड्यूल दिलं तर दोन स्क्रीन, चार रिपोर्ट वाढतील आणि वही तशीच राहील. हवी होती ती फक्त एक जागा: शेतकऱ्याचं नाव टाकलं की ‘उचल’ म्हणून आकडा टाकता यावा, व्हाउचर मागाहून आपोआप व्हावं, आणि पट्टी उघडली की न विचारता ती वजा झालेली दिसावी.

काट्याचंही तसंच. तोलाईदार काटापट्टी आणून टेबलावर ठेवतो, त्यावर पोत्यांची वजनं ओळीने. तुमचा प्रोग्राम प्रत्येक ओळीला पोत्याचा नंबर, वजन आणि प्रत असे तीन रकाने मागत असेल, तर साठ पोत्यांच्या लॉटला दिवाणजी काय करणार ते मी बघितलंय: कॅल्क्युलेटरवर बेरीज मारून एकाच ओळीत एकूण वजन टाकणार. मग पोतंनिहाय वजन तुमच्याकडे कधीच राहत नाही आणि खरेदीदाराने घट दाखवली की दाखवायला काही नसतं. फक्त वजन आणि एंटर, वजन आणि एंटर, खाली चालू बेरीज आणि नग. नंबर प्रोग्रामनेच द्यावा, प्रत लॉटला एकदाच विचारावी. हे फीचरच आहे, त्यासाठी कोड लिहावा लागतो, पण ते आल्यावर काम कमी होतं. फीचर आणि साधेपणा यांच्यात तराजू लावायचा असतो असं आपण धरून चालतो, ते इथे लागू पडत नाही. चांगलं फीचर नव्वद वेळा दाबलं जाणारं एखादं बटण काढून टाकतं.

फोनवर येतं ते वेगळं. फोन मालक करतो आणि मालकाला सुचतं ते शेजारच्या दुकानात बघितलेलं किंवा कुणी विक्रेता दाखवून गेलेला असतो ते. मालक पैसे देतो, दिवाणजी वापरतो, सीए मार्चअखेर आकडे मागतो आणि शेतकरी पट्टी वाचतो. चौघांच्या गरजा चार आहेत. मागणी आली की ती या चौघांतल्या कुणाची, हे आधी लिहून ठेवा. मालकाचं ऐकायचं नाही असं नाही. पण त्याची मागणी दिवाणजीच्या स्क्रीनवर जाता कामा नये. मालकाला संध्याकाळी काय हवं असतं? आज किती नग आले, किती विकले, कुणाकडे किती उधारी राहिली, किती शेतकऱ्यांचे पैसे द्यायचेत. पाच ओळींचा मेसेज रात्री आठला गेला तर आलेखांची आठवण तो काढणार नाही. वेगळं मोबाइल अॅप करू नका. दोघांच्या संस्थेला अॅपची देखभाल झेपत नाही. फोनची नवी आवृत्ती आली की वर्षाला एकदा तरी तेच काम पुन्हा करावं लागतं.

आता त्या सत्तर टिकमार्कांकडे. ‘सेटिंग देऊन टाकू, ज्याला हवं तो चालू करेल’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की कान टवकारतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो की कसं असावं हे आपल्याला ठरवायचं नाही, म्हणून ते आपण दुकानदारावर ढकलतोय. आणि हिशोब भयानक आहे. चालू-बंद अशी दहा सेटिंगं म्हणजे १,०२४ वेगवेगळी सॉफ्टवेअरं. वीस झाली की दहा लाखांच्या वर. तुम्ही त्यातलं एक तपासता, तेही तुमच्या लॅपटॉपवर चालू असतं ते. एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडतं ते याचमुळे.

याचं टोक बघायचं तर अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीचं बघा. त्यांच्या यंत्रणेत वर्षानुवर्षं न वापरलेला एक जुना कोड तसाच पडून होता. १ ऑगस्ट २०१२ ला नवं काम सुरू करताना त्या जुन्या कोडला जागं करणारीच खूण नव्या कामासाठी वापरली. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला होता. तिथे ती खूण मिळताच जुना कोड जागा झाला आणि ऑर्डरी सोडत सुटला. साधारण पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलरचं नुकसान. कंपनी पुढे दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. तुमच्या ‘जुनी हमाली पद्धत वापरा’ या टिकमार्काने कुणी बुडणार नाही, हे मान्य. पण वाण तोच आहे: कुणीच वापरत नसलेला, काय करतो हे कुणालाच आठवत नसलेला आणि कधीतरी चुकून दाबला जाणारा.

मग सगळीच सेटिंगं वाईट का? नाही. टॅलीत एफ-इलेव्हन दाबून कंपनीची फीचरं चालू-बंद करता येतात, हे यार्डातल्या दिवाणजींनाही पाठ असतं. तिथे एक अख्खा विभाग येतो किंवा जातो. ज्याला त्याची गरज नाही त्याच्यासमोर तो विषयच निघत नाही. अशा सेटिंगने स्क्रीन हलकी होते. घातक असतात ती बारीक वागणूक बदलणारी सेटिंगं: बेरीज आधी की वजावट आधी, हमाली पोत्यावर की क्विंटलवर, शेवटी पैसे वर की खाली.

यातली निम्मी सेटिंगं खरं म्हणजे सेटिंगं नसतातच, ती माहिती असते. हमालीचं घ्या. दर कराराने ठरतो, काही काळाने वाढतो, मालागणिक वेगळा असतो आणि मोजायचं एकक वेगळं असतं. तुम्ही आतापर्यंत प्रत्येक बदलाला एक टिकमार्क जोडलाय. त्याऐवजी दरांचा एक तक्ता करा: माल, खर्चाचं नाव, एकक, दर, कुठल्या तारखेपासून लागू, कुणाच्या नावावर. अडत, तोलाई, हमाली, सेस सगळं त्याच तक्त्यात. दर बदलला की जुनी ओळ खोडायची नाही, नव्या तारखेची ओळ घालायची. यातून एकदम वीसेक टिकमार्क गळून पडतील. शिवाय गेल्या वर्षीची पट्टी आज पुन्हा छापली तर गेल्या वर्षीचेच आकडे निघतील, जे तुमच्या आताच्या सॉफ्टवेअरमध्ये निघत नसणार, पैज लावतो.

तारखेचा हा रकाना किती कामाला येतो ते जीएसटीने सगळ्यांना शिकवलं. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, १ ऑक्टोबर २०२० ला आलं तेव्हा ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांपुरतं होतं. आपल्याकडच्या दुकानांना त्याचं काही नव्हतं. मग १००, ५०, २०, १० असं उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ते ५ कोटींवर आलं. कायद्याने आलेली मागणी नाकारता येत नाही. पण ती ज्याला लागू आहे त्याच्याच स्क्रीनवर दिसावी. छोट्या अडत्याला त्याची एक ओळसुद्धा दिसता कामा नये.

जी मागणी खरी आहे पण एकदोघांचीच आहे, तिला कडेला जागा द्या. कडा म्हणजे छपाई आणि एक्सेल. पट्टीचा छापील नमुना हे दुकानदाराचं घर असतं. गणपती कुठे, नाव केवढं, वर ‘श्री’ हवं की कुलदैवताचं नाव, यावर वाद घालू नका. तो नमुना मूळ प्रोग्रामबाहेर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि हवा तसा बदलून द्या, हिशोबाला धक्का लागत नाही. अथणीकडून येणाऱ्या शेतकऱ्यासाठी पट्टी कन्नडमध्ये हवी असेल तर तीही तिथेच बसते. आणि सगळी माहिती एक्सेलमध्ये स्वच्छ काढता आली पाहिजे. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १९७३ साली एका प्रोग्रामची माहिती दुसऱ्याला देणारे ‘पाइप’ आले तेव्हापासूनची ही जुनी युक्ती आहे: प्रत्येक प्रोग्रामने आपलं काम करून माहिती साध्या स्वरूपात पुढच्याच्या हातात द्यावी. ज्या मालकाला तऱ्हेतऱ्हेचे आलेख हवेत त्याचा इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या ते एक्सेलमध्ये करेल आणि खूशही होईल. फक्त माहिती युनिकोडमध्ये द्या. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली नावं दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली की इंग्रजी अक्षरांची कचराकुंडी होते, हे अजूनही काही ठिकाणी चालू आहे, का ते देवाला ठाऊक.

लपवण्याच्या मोहात मात्र पडू नका. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये हा प्रयोग केला होता: मेनूतलं जे तुम्ही वापरत नाही ते आपोआप झाकलं जायचं. कागदावर सुंदर कल्पना. प्रत्यक्षात काल जिथे होतं ते आज तिथे नसायचं. ऑफिस २००७ मध्ये मेनूच बदलले, वर्ड-एक्सेलमधून ही पद्धत गेली. दिवाणजी स्क्रीन वाचत नाही, त्याच्या बोटांना जागा पाठ असते. जागा हलवलीत तर तो दिवसभर शिव्या घालेल आणि त्याचं बरोबर असेल. म्हणून एखादी गोष्ट काढायची तर सरळ काढा, सांगून काढा आणि पावसाळ्यात काढा. हळदीच्या हंगामात किंवा मार्चअखेरीला एक बटणसुद्धा हलवू नका.

पावसाळ्यावरून आठवलं. काही फीचरं कुणीच मागत नाही आणि ती आधीपासून असावीच लागतात. ऑगस्ट २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. गणपती पेठ, मारुती रोड पाण्याखाली होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. यादीत ‘बॅकअप’ हा शब्द एकाही दुकानदाराने लिहिला नसेल, पण दुकानाबाहेर, गावाबाहेर रोज आपोआप जाणारी प्रत नसेल तर बाकी सगळी यादी फाडून टाका. चुकलेली पट्टी दुरुस्त करण्याची सोय आणि ती कुणी, कधी बदलली याची नोंद, हेही त्यातलंच. कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून अशी नोंद बंधनकारकच आहे. तुमची बहुतेक दुकानं कंपनी नसून एकट्याच्या मालकीची किंवा भागीदारीची असल्याने त्यांना नियम लागत नाही, पण खाडाखोडीवरून होणारी भांडणं लागतात.

आता तुमच्या यादीवर माझं मत, आडपडदा न ठेवता.

व्हॉट्सअॅपवर पट्टी: घ्या, उशीर केलात. जतहून आलेला शेतकरी पट्टीसाठी दुपारपर्यंत ताटकळत बसतो. पण पट्टी जतन झाली की एक बटण, तीच छापील पट्टी पीडीएफमध्ये, एवढंच. कधी पाठवायची, कुणाला पाठवायची याची सेटिंगं नकोत.

शेतकऱ्यागणिक हमाली: नको. मागणाऱ्याला विचारा, ‘आज हे कसं करता?’ हा प्रश्न नकारापेक्षा जास्त काम करतो. माझा अंदाज, उत्तर येईल की दोनतीन जुन्या शेतकऱ्यांना मालक हमाली स्वतःच्या अंगावर घेतो. मग ती सूट आहे. पट्टीत ‘सूट’ नावाची एक ओळ द्या, मालकाच्या खर्चात जाऊ द्या. हमालांचा हिशोब पूर्ण दरानेच राहिला पाहिजे, नाहीतर तिकडून दुसरा वाद येईल.

पूर्ण रुपयाचं: एकच नियम ठेवा, पन्नास पैशांपासून वर, खालचं खाली. सीएला विचारून ठरवा, सगळ्यांना तोच. जो अडून बसेल त्याला बसू द्या; पन्नास पैशांसाठी सॉफ्टवेअर बदलणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही.

कोल्ड स्टोरेज: मोह खूप होईल, कारण पैसे चांगले मिळतील. पण तो दुसरा धंदा आहे. तिथे बॉक्स महिनोन्‌महिने पडून असतात, भाडं महिन्याने चढतं, माल आत असतानाच मालक बदलतो, त्याच मालावर बँकेचं कर्ज असू शकतं. हे पट्टीच्या प्रोग्राममध्ये कोंबलंत तर हळदीच्या दुकानदारालाही त्याचं ओझं वाहावं लागेल. करायचंच असेल तर वेगळा प्रोग्राम करा, वेगळे पैसे घ्या, दोघांमध्ये लॉट नंबर एवढाच दुवा ठेवा.

राहिला भागीदार. त्याची भीती खोटी नाही, गिऱ्हाईक जातं. पण जास्तीचे पैसे घेऊन एकाच दुकानापुरतं काहीतरी करून देण्यात खरी किंमत वसूल होत नाही, कारण पैसे एकदाच मिळतात आणि ते सांभाळणं दरवर्षी असतं. त्याला पटवायचं तर वाद घालू नका. सत्तर टिकमार्कांची यादी छापा आणि प्रत्येकासमोर दोघांनी मिळून लिहा: कुठल्या दुकानासाठी केलं आणि आज किती ठिकाणी चालू आहे. ज्यांच्यापुढे दुकानाचं नाव दोघांनाही आठवणार नाही, ते यंदाच्या पावसाळ्यात काढायचे. ज्यांच्यापुढे एकच नाव असेल त्या दुकानात भागीदाराने स्वतः जाऊन दिवाणजीच्या मागे खुर्ची टाकायची. तुम्ही जाऊ नका, त्यालाच पाठवा.